जेलमधल्या लहरी एमआरआयला कशा दिसू लागल्या

कंपन देऊन पदार्थातल्या लहरी एमआरआयने टिपायच्या आणि त्यांवरून त्याचा कडकपणा काढायचा, ही पद्धत म्हणजे एमआर इलास्टोग्राफी. मऊ पदार्थ दाबला तरी त्याचे आकारमान जवळपास बदलत नाही. त्यामुळे दाबाची लहर त्यात सुमारे 1,500 मीटर प्रतिसेकंद या वेगाने जाते, मग तो पदार्थ कडक असो वा लिबलिबीत. आडवी थरथर, म्हणजे शिअर लहर, मात्र कडकपणानुसार वेग बदलते. 2 किलोपास्कलच्या जेलमध्ये तिचा वेग 1.4 मीटर प्रतिसेकंद, आणि 60 हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 2.4 सेंटिमीटर. मोजायची ती हीच.

चुंबकीय ग्रेडियंटमध्ये, म्हणजे जागेनुसार बदलत जाणाऱ्या चुंबकक्षेत्रात, हलणाऱ्या प्रोटॉनची फेज (त्याच्या संकेताची आवर्तनातली स्थिती) बदलते, हे 1950च्या दशकातच माहीत होते. रक्तप्रवाह मोजायला त्याचा उपयोगही झाला. कंपनाची अडचण वेगळी. पुढे जाऊन मागे येणाऱ्या कणाचे सरासरी विस्थापन शून्य, म्हणून स्थिर ग्रेडियंटमध्ये एका आवर्तनाअखेर हाती काहीच उरत नाही. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या मुथुपिल्लई, एहमन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये तोडगा मांडला: ग्रेडियंटही कंपनाच्याच वारंवारतेने, त्याच्या तालात उलटसुलट करायचा. मग प्रत्येक आवर्तनात फेज साठत जाते. जेलमधली 200 नॅनोमीटरपेक्षा लहान हालचालही त्यांना मोजता आली.

पद्धत आजही तीच आहे. ग्रेडियंटची दिशा उलटवून दोन प्रतिमा घ्यायच्या आणि वजा करायच्या. चुंबकक्षेत्रातल्या असमानतेची फेज कटते, हालचालीची दुप्पट होते. हेच एका आवर्तनातल्या सहसा चार क्षणांना करायचे. कंपन जास्त झाले की फेज 360 अंशांची मर्यादा ओलांडून गुंडाळली जाते. कमी झाले तर लहर गोंगाटात बुडते. जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले किंवा त्याचा पृष्ठभाग सुकला, तर दोष पदार्थाचा की नमुन्याचा हे कळत नाही.

खरे कष्ट पुढे होते. विस्थापनावरून कडकपणा काढायला दुसरे अवकलज (बदलाच्या दराचा दर) लागते आणि ते गोंगाट वाढवते. नमुन्याच्या कडांवरून परतलेल्या लहरी मिसळल्या की नुसती शिखरांमधली अंतरे फसवतात. 2001 मध्ये थेट तरंगसमीकरण सोडवण्याची बैजिक रीत मांडणारा ट्रॅव्हिस ऑलिफंट पुढे नमपाय (NumPy) या आकडेमोडीच्या संगणकीय साधनाचा निर्माता म्हणून जास्त ओळखला गेला!

कंपक चुंबकाच्या खोलीत चालवणे हेही सोपे नव्हते. ध्वनिवर्धक खोलीबाहेर ठेवून नळीतून हवेचे स्पंद अंगावर ठेवलेल्या चकतीपर्यंत नेले, तेव्हा यकृताची तपासणी नित्याची झाली. अमेरिकेत तिला 2009 मध्ये मान्यता मिळाली. यकृतात लोह साचलेले असले की ग्रेडियंट-एको या प्रतिमा घेण्याच्या रीतीत संकेतच उरत नाही. तिथे स्पिन-एको ही दुसरी रीत वापरावी लागते.