गाझीच्या आधीची ‘राजपूत’

भारत-पाक युद्धात विशाखापट्टणमपाशी बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी गाझीचा विषय निघाला की आयएनएस राजपूतचे नाव येतेच. पण १९७१ मध्ये ही विनाशिका तीस वर्षांची होत आली होती आणि तिला सेवेतून काढायचे चालले होते, हे फारसे कुणी सांगत नाही.

ती बांधली गेली स्कॉटलंडमध्ये, क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत. १९४२ साली ‘रॉदरहॅम’ या नावाने ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. ४.७ इंची चार तोफा आणि आठ टॉर्पेडो नळ्या घेऊन महायुद्धातला बराच काळ ती हिंदी महासागरात वावरली. १९४५ मध्ये सिंगापूरच्या नाविक तळावरील जपान्यांची शरणागती तिच्याच कप्तानाने स्वीकारली. १९४९ मध्ये ती भारताकडे आली. तिच्या जोडीच्या ‘रिडाउट’ आणि ‘रेडर’ इथे अनुक्रमे ‘रणजित’ आणि ‘राणा’ झाल्या. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी राजपूत विमानवाहू नौका विक्रांतच्या ताफ्यात होती.

१९७१ मध्ये गाझी विक्रांतच्या मागावर होती. म्हणून नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानकडे लपवले आणि तिचे सोंग वठवायला राजपूतला मद्रासपुढच्या समुद्रात धाडले. विक्रांतच्या नावाने भरपूर बिनतारी संदेश सुटू लागले. त्यात एका खलाशाने आजारी आईची चौकशी केल्याचा साधा, उघड संदेशही होता! शिवाय कंत्राटदारांकडे मांस आणि ताज्या भाजीची मोठी मागणी नोंदवली, म्हणजे मोठा ताफा येतोय ही बातमी आपोआप पसरावी. मला तरी राजपूतची खरी कामगिरी हीच वाटते. एवढ्या म्हाताऱ्या नौकेने विमानवाहू नौकेवरचा धोका स्वतःवर ओढून घेतला.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती विशाखापट्टणम बंदरातून बाहेर पडत होती. कप्तान इंदर सिंग यांना पुढ्यातले पाणी संशयास्पद ढवळलेले दिसले. त्यांनी नौका वळवली आणि दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब सोडले. थोड्या वेळाने प्रचंड स्फोट झाला. सकाळी कोळ्यांना गाझीचे अवशेष तरंगताना सापडले. पाणबुडीवरचे नव्वदहून अधिक जण दगावले.

गाझी राजपूतनेच बुडवली, ही भारताची अधिकृत भूमिका. पाकिस्तानच्या मते तो गाझीच्या आतला स्फोट होता किंवा गाझीनेच पेरलेला सुरुंग. आपल्याकडच्याही काही नौदल अधिकाऱ्यांनी याबाबत शंका मांडली आहे. पुढे राजपूत भंगारात निघाली आणि १९८० मध्ये सोव्हिएत बनावटीच्या नव्या विनाशिकेला तिचे नाव मिळाले. तीही मे २०२१ मध्ये विशाखापट्टणममध्येच निवृत्त झाली.