अँटिक की व्हिंटेज? आधी टेबल उलटं करून बघा

परवा एका मैत्रिणीने फोटो टाकला, खाली लिहिलेलं "फायनली अँटिक घेतलं!!" आणि फोटोत काय, तर तिरक्या पायांची, फोमच्या गादीची लाकडी खुर्ची, 1960-65 च्या आसपासची असावी, आमच्या लहानपणी सरकारी क्वार्टर्समध्ये घरोघरी असायची तसली. खुर्ची झकास आहे, वादच नाही. पण अँटिक नाहीये ती, व्हिंटेज आहे. असं म्हटलं तर म्हणे "जुनं ते जुनं गं, काय फरक पडतो". पडतो, आणि थेट खिशाला पडतो, म्हणून हे पुराण.

ढोबळ हिशोब 100 वर्षांचा आहे. शंभरी ओलांडली की अँटिक. हा आकडा दुकानदारांनी ठरवलेला नाही, पुरावस्तूंचा 1972 चा कायदा आहे आपल्याकडे, त्यातही वस्तूंसाठी 100 वर्षंच धरलीत (हस्तलिखितांना 75). म्हणजे पणजीचा कोरीव पेटारा पुतण्याला न्यू जर्सीला पाठवायचा असेल तर नुसतं पॅक केलं नि कंटेनरमध्ये टाकलं असं होत नाही, आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं. व्हिंटेजला असा कायदा-बियदा काही नाही, साधारण वीस-तीस वर्षांच्या पुढचं आणि शंभरीच्या आतलं, पण नुसतं वय पुरत नाही, बघितल्याबरोबर त्या काळाची आठवण व्हायला पाहिजे. गच्चीवर ऊन खाऊन पांढरं पडलेलं 1998 चं प्लॅस्टिकचं स्टूल हे व्हिंटेज नव्हे, ते नुसतं जुनं.

गंमत म्हणजे ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. गोदरेजने लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली 1923 साली, म्हणजे त्या पहिल्या वर्षातलं एखादं कपाट कोणाच्या माजघरात अजून उभं असेल तर ते आता चक्क अँटिक झालं, आणि तुमच्या आईच्या लग्नातलं, आरसा बसवलेलं, दार उघडताना कर्रर्र करणारं कपाट अजून व्हिंटेजच. मुंबईच्या आर्ट डेको शैलीच्या घरांमधलं फर्निचर, ती गोल कोपऱ्यांची कपाटं, तीन आरशांची ड्रेसिंग टेबलं, बरंचसं 1930-40 च्या दशकातलं, ते सध्या उंबरठ्यावर उभं आहे. दुकानात मात्र त्याला आजच "अँटिक मॅडम, ब्रिटिश टाइम का" म्हणून विकतात. ब्रिटिश टाइम 1947 पर्यंत होता हो, तेवढ्याने शंभर भरत नाहीत.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी एक लिहायचं टेबल घेतलं, सागवानी, दोन ड्रॉवर, पितळी कड्या, विकणारा म्हणाला सव्वाशे वर्षांचं आहे, मी भारावून हो म्हटलं. घरी आल्यावर पाय डुगडुगत होता म्हणून सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता टेबल उलटं केलं, बोट लावलं आणि म्हणाले, "ताई, हा स्क्रू बघा." डोक्यावर अधिकाची फुली असलेला स्टार स्क्रू. तो बाजारात आलाय 1930 च्या दशकात, त्याच्या आधीच्या स्क्रूला एकच आडवी खाच असायची. मी म्हटलं नंतर कोणीतरी दुरुस्तीत घातला असेल, तर काका म्हणाले दुरुस्तीत एखादा घालतील, सगळे सोळाच्या सोळा कशाला घालतील, आणि जुना स्क्रू काढून नवा घातला की जुन्या भोकाची खूण राहते, ती कुठंय? मग ड्रॉवर बाहेर काढला तर तळाला प्लाय. विषय संपला.

त्या दिवशी काकांनी अर्धा तास शिकवणी घेतली ती तशीच्या तशी सांगते. समोरून बघायचंच नाही, समोरून सगळं छानच असतं. मागून, खालून, आतून बघायचं. हाताने कापलेल्या फळीवर करवतीच्या सरळ रेघा असतात आणि त्या थोड्या वेड्यावाकड्या असतात, मशीनच्या गोल पात्याने कापलं असेल तर कमानीसारख्या वळणदार खुणा पडतात. ड्रॉवरच्या कोपऱ्यात लाकडाची बोटं एकमेकांत अडकवलेली असतात ना, ती हाताने केलेली असली तर सगळी एका मापाची नसतात, अगदी छापल्यासारखी सारखी दिसली तर मशीन. गोल टेबल असेल तर टेपने दोन्हीकडून मोजायचं, लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, उभ्या रेषेत जवळजवळ नाहीच, त्यामुळे खरं जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. आणि झीज कुठे आहे ते बघायचं. खुर्चीच्या हातांची टोकं, पाय टेकायची खालची पट्टी, ड्रॉवरची खालची कड, जिथे माणसाचा हात-पाय शंभर वर्षं लागणार तिथेच झिजणार. सगळीकडे सारखेच ओरखडे असतील तर ते साखळीने बडवून, पॉलिशपेपर मारून मुद्दाम केलेलं नवं फर्निचर आहे. त्यालाच "अँटिक फिनिश" म्हणतात. फिनिश हा शब्द दुकानदार हळू आवाजात म्हणतो.

अजून एक भानगड आहे, जुन्या लाकडाचं नवं फर्निचर. वाडे पडतात, त्यांच्या तुळया, खांब विकले जातात, आणि त्यातून कॉफी टेबल बनतं. लाकूड खरंच शंभर वर्षांचं, बर्मा टीक असेल तर सोन्याहून पिवळं, पण टेबल मागच्या महिन्यातलं. मला हा प्रकार आवडतो, फक्त किंमत लाकडाची द्या, अँटिकची देऊ नका. तसंच शिसव आणि शिसम. शिसव म्हणजे आपलं काळपट जांभळं, उचलताना कंबर मोडणारं, आणि उत्तरेकडचं शिसम हे त्याच कुळातलं पण वेगळं झाड, रंगाने तपकिरी. ऑनलाइन सर्रास एकाच्या नावाखाली दुसरं खपवतात.

बरं, एवढं ओळखून करायचं काय, तर वागवायचं वेगळं. अँटिक वस्तू घासून-पुसून, पॉलिशवाल्याकडून चकाचक करून घेतली की तिची किंमत तिथेच घसरते, कारण घेणाऱ्याला तो लाखेच्या पॉलिशचा जुना, काळवंडलेला थरच हवा असतो. कोरड्या मऊ कपड्याने पुसा, भुंगा लागून खाली पीठ पडतंय का बघत राहा, बाकी हात लावू नका. व्हिंटेजला हे सोवळं नाही. आजोबांची आरामखुर्ची, लांब हातांची, वेत तुटलेला, तिला बिनधास्त नवा वेत विणून घ्या, रंग बदला, बसा, झोपा, पोरांना उड्या मारू द्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, टू बीएचकेत राहणाऱ्याने व्हिंटेजच घ्यावं. अँटिक पोसायला जागा लागते. आमच्या ओळखीत एकांनी साडेसात फुटी शिसवी कपाट घेतलं, ते लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या वळणावर फिरेना, शेवटी चौथ्या मजल्यावर दोरखंड लावून बाल्कनीतून घेतलं, खाली अख्खी सोसायटी तमाशा बघायला.

नवंच घ्या असं मी एकाच बाबतीत म्हणेन, बेड. जुन्या पलंगांची मापं आजच्या गाद्यांना बसत नाहीत, मग गादी वेगळी करून घ्या, चादरी शिवून घ्या, नसती उठाठेव. फक्त नवं म्हणजे पार्टिकल बोर्ड असेल तर कोकणात आणि मुंबईत जरा जपून, ओल लागली की ते पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. सागवान पण पावसाळ्यात फुगतं, ड्रॉवर अडकतात, पण तिथे मेणबत्ती चोळायची नि दिवाळीची वाट बघायची, आपोआप सरकायला लागतात.

आणि खोक्यातून सुटे भाग आणून घरी स्क्रू पिळायचे हा आजकालचा फालतूपणा असं कोणी म्हणालं तर त्याला इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची दाखवा. तिचं मूळ म्हणजे व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 14 नंबरची खुर्ची, 1859 ची, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या सुट्या भरून जगभर जायच्या. तसली खरी जुनी कुठे मिळाली तर बसायच्या आधी उलटी करून बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला बघा, कंपनीचा शिक्का किंवा कागदी लेबलाचा तुकडा तिथे राहिलेला असतो कधीकधी.

माझं ते सव्वाशे वर्षांचं टेबल अजून आहे. त्यावर राउटर असतो.