गळा, मळा आणि फळा

'नववीतली मुलं ऐकतच नाहीत' ही तक्रार जुनीच आहे. तिच्यामागे एक समजूत असते: कान शाबूत आणि लक्ष जागेवर असलं, की बोलणं आपोआप आत जातं. तसं ते जात नाही.

1970 साली रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' शब्दातला पहिला 'स' कापून तिथे खोकला बसवला. 20 पैकी 19 श्रोते म्हणाले, काहीच गाळलेलं नाही. विसाव्याने भलताच ध्वनी दाखवला. खोकला नेमका कुठे आला, हे एकालाही सांगता आलं नाही. खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली, तर मात्र खाच कळते.

पुढचा प्रयोग तर मला फारच आवडतो. मूळ इंग्रजीतला, पण मराठीत असा मांडता येईल: '–अळा पुसला', '–अळा बसला', '–अळा नांगरला', आणि रेघेच्या जागी खोकला. ऐकू येईल फळा, गळा, मळा. म्हणजे मागाहून आलेलं क्रियापद आधीचा, मुळात नसलेलाच ध्वनी ठरवतं! मेंदू ध्वनी क्षणभर उधार ठेवतो आणि पुढचं कळलं की हिशेब मिटवतो. 2016 साली मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये हे थेट दिसलं: गाळलेला ध्वनी जणू खरंच ऐकल्यासारखी श्रवणकेंद्राची विद्युतक्रिया होती.

आता वर्गात या. 'स', 'फ' यांसारखी व्यंजनं स्वरांच्या मानाने क्षीण असतात. पंखा आणि कुजबुज त्यांना सहज गिळतात. शिवाय इतरांच्या बोलण्यातून हवं तेच बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयातही पिकतच असते. अशात विज्ञानातला 'परासरण' (ऑस्मोसिस, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी झिरपणं) हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडला, तर खाच भरायला साठ्यात काही नसतं. मेंदू हाताला लागेल ते उचलतो, वहीत 'प्रसारण' उमटतं आणि शेरा मिळतो: 'लक्ष नाही'.

यावर 'हा ऐकून शिकणारा, ती बघून शिकणारी' अशी वाटणी करणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. तशा वाटणीने शिकवल्यास जास्त समजतं, याला भक्कम पुरावा नाही. पैसे वाचवा.

त्यापेक्षा तासाच्या सुरुवातीला चार नवे शब्द फळ्यावर लिहून मोठ्याने म्हणून घ्यावेत. मध्येच थांबून 'आता पुढे काय येईल?' असं विचारावं. उत्तर चुकलं तरी हरकत नाही. अंदाज बांधलेला असला, की खाच भरायला काहीतरी हाताशी असतं.