आयडल स्क्रू वेगळा, रेसची वायर वेगळी

जुनी डिझेल पिकअप सिग्नलला थरथरून बंद पडू लागली की बॉनेट उघडायचे, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे गेलेली रेसची (ॲक्सिलरेटरची) वायर दोन-तीन आटे ताणून घ्यायची आणि ‘आयडल वाढवला’ असे सांगून मोकळे व्हायचे, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती चूक आहे हे सांगितले तरी पटत नाही. आयडल म्हणजे पाय न दाबता इंजिन ज्या संथ वेगाने फिरते तो वेग, आणि वायर ताणल्याने तो वाढत नाही. गाडी आयडलवर येणेच बंद होते.

हे सारे यांत्रिक पंपाच्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे टाटा 207 डीआय किंवा 2523 सीसी इंजिनाची जुनी डीआय बोलेरो पिकअप. (2008 मध्ये पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचे नाव बॉश झाले, तरी आपल्याकडे कित्येकांच्या तोंडी पंप अजून ‘मायको’च आहे.) कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे डिझेल किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आयडलही तोच सांभाळतो, तिथे स्क्रू शोधण्यात वेळ घालवू नये.

रेसची वायर म्हणजे काय, हे चालकाला सांगायला नको. पाय दाबला की ती पंपाचा लिव्हर ओढते, एवढेच तिचे काम. पंपावरच्या आयडल स्क्रूचे काम मात्र पाय उचलल्यावर सुरू होते. स्प्रिंग लिव्हरला मागे आणते, लिव्हर या स्क्रूच्या टोकावर टेकतो आणि त्या जागेवरून पंपातल्या गव्हर्नरला, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेला, किती आरपीएम (मिनिटाला फेरे) राखायचे ते कळते. वेग घसरला की तो डिझेल वाढवतो, वेग चढला की कमी करतो. पेट्रोलच्या कार्बोरेटरमध्ये पायाने हवेची झडप उघडते, इथे तशी झडप नसते. म्हणून कार्बोरेटरवर शिकलेले ‘हवेचा स्क्रू जरा फिरवून बघ’ हे शहाणपण डिझेल पंपावर चालवणाऱ्यांची मला विशेष चीड येते.

वायर ताणली की लिव्हर स्क्रूवर टेकत नाही, वायरीच्या आधाराने अधांतरी राहतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, वायरीचा बाक बदलतो आणि लिव्हरही तेवढा सरकतो. त्यामुळे रेस आज एक, उद्या दुसरी. पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालताना गाडी धक्के देते, घाटात हळू उतरताना पाय उचललेला असूनही इंजिन हवे तितके आवरून धरत नाही. मग दोष क्लचवर किंवा माउंटिंगवर जातो आणि नसते सामान बदलले जाते.

खरे-खोटे करायला दोन मिनिटे पुरतात. इंजिन गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असताना, वायरीचे टोक लिव्हरवरून काढावे. रेस लगेच उतरली, तर इतके दिवस आयडल वायरीने उचलून धरला होता. डॅशबोर्डवर हाताने ओढायची रेस असेल, तर तीही पूर्ण आत आहे ना, हे पाहावे. काहीच फरक पडला नाही आणि लिव्हर स्क्रूवर नीट टेकलेला आहे, तरच स्क्रूकडे वळावे. रेस एकसारखी खालीवर होत असेल, तर स्क्रूला हातही लावू नये. आधी डिझेल फिल्टर आणि टाकीपासून पंपापर्यंतचे जोड पाहावेत, कारण पुष्कळदा कुठूनतरी हवा धरलेली असते आणि स्क्रूने हवा निघत नाही.

जुळणीचा क्रमही ठरलेला आहे, तो उलटवू नये. वायर सुटी ठेवूनच स्क्रूला जागी धरणारा चेकनट सैल करावा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमवर स्क्रू आणावा, चेकनट आवळावा आणि त्यानंतरच वायर जोडून तिला एक-दोन मिलिमीटर सैल ठेवावे. कानाने आयडल लावणाऱ्यांचा मला आदर आहे, पण विश्वास नाही. क्रँकच्या पुलीला चमकती पट्टी चिकटवून प्रकाशाने फेरे मोजणारा टॅकोमीटर धरावा. ठिणगीवर चालणारा पेट्रोलचा मीटर इथे निरुपयोगी, कारण डिझेलला ठिणगीच नसते.

शेवटी इंजिन बंद करून कोणालातरी पाय पूर्ण दाबायला सांगावे आणि लिव्हर पलीकडच्या, कमाल वेगाच्या स्क्रूपर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. पोहोचत नसेल तर वायर जास्त सैल राहिली आहे किंवा पेडलखाली मॅट अडकली आहे, आणि ‘गाडीचा पिकअप गेला’ ही तक्रार तिथूनच निघते. त्या दुसऱ्या स्क्रूला बहुधा तार आणि शिशाचे सील असते. आयडलच्या दुरुस्तीत ते तोडण्याचे काही कारण नाही.