‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधील दहशतीची पार्श्वभूमी

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९७ मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. मंगळवासीयांच्या स्वारीची कथा म्हणून ती ओळखली जात असली, तरी तिच्यातील दहशत मंगळापेक्षा लंडनजवळच्या सरे परगण्यातील ओळखीच्या मुलखातून उभी राहते.

या दहशतीची पहिली तयारी वेल्स यांच्या आधीच झाली होती. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केल्यानंतर ब्रिटनमध्ये परचक्राची धास्ती पसरली. १८७१ मध्ये जॉर्ज चेस्नी यांनी ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा निनावी प्रसिद्ध केली आणि तिच्यात सरेमध्येच इंग्रजांचा पराभव घडवून आणला. चेस्नी हे १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेले लष्करी अभियंते होते. जिंकणाऱ्यांच्या बाजूने युद्ध पाहिलेल्या माणसाने हरणाऱ्यांची कथा लिहावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यानंतर अशा आक्रमणकथांचे पीकच आले.

वेल्स यांनी शत्रू बदलला. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्याचे नोंदवले होते आणि १८९५ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेल यांनी त्या रेषा म्हणजे बुद्धिमान जीवांनी खोदलेले कालवे असल्याचे मांडले, त्यामुळे मंगळवासी ही कल्पना वाचकांना अगदीच अनोखी नव्हती. कादंबरीची मूळ कल्पना वेल्स यांचे भाऊ फ्रँक यांची. पुस्तक त्यांनाच अर्पण केले आहे. युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला, त्याचा उल्लेख पहिल्याच प्रकरणात येतो. साम्राज्याच्या राजधानीतील वाचकाला आपण दुसऱ्यांवर जे लादले तेच आपल्यावर येत असल्याचे पाहावे लागते, आणि माझ्या मते कादंबरीतील सर्वांत बोचरी भीती हीच आहे.

१८९५ मध्ये वेल्स सरेमधील वोकिंगला राहायला गेले. तेथे ते सायकल शिकले आणि तिच्यावरून हिंडताना कोणती ठिकाणे व कोणती माणसे मंगळवासीयांच्या हातून नष्ट करायची, हे हेरून ठेवू लागले. शेजाऱ्यांचा आपण कसा निकाल लावत आहोत, हे त्यांनी एका पत्रात मोठ्या खुशीत कळवले आहे. वोकिंगजवळच्या हॉर्सेल कॉमन या माळावरील रेतीच्या खड्ड्यात मंगळवासीयांना घेऊन आलेले पहिले नळकांडे पडते ते या भटकंतीमुळेच. तेथे बघ्यांची गर्दी जमते आणि एक धंदेवाईक मिठाईवाला आपल्या मुलाला हिरवी सफरचंदे व जिंजर बिअर भरलेली हातगाडी देऊन पाठवतो. पुढे पांढरे निशाण घेऊन गेलेले शिष्टमंडळ मंगळवासीयांच्या उष्णकिरण या शस्त्राने क्षणात जळून जाते. त्या रात्रीही वोकिंग स्थानकात गाड्या थांबतात, डबे रुळांवर इकडून तिकडे हलवले जातात, एक मुलगा दुपारच्या बातम्यांचे अंक विकत असतो. वेल्स किंचाळ्यांवर फार वेळ थांबत नाहीत. कोणालाच अजून खरे वाटत नाही, या गोष्टीवर ते थांबतात. निवेदनाचा स्वरही वार्ताहराचा आहे: गावे, रस्ते आणि वेळा नीट नोंदवलेल्या.

३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकी नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स (कादंबरीकार वेल्स यांच्याशी नाते नसलेले) यांनी अमेरिकेत या कथेचे नभोनाट्य सादर केले, तेव्हा वोकिंगऐवजी न्यू जर्सीमधील ग्रोव्हर्स मिल हे खेडे घेतले आणि वार्ताहराच्या स्वराच्या जागी रेडिओची बातमीपत्रे आणली. देशभर हाहाकार माजल्याची जी कथा नंतर रूढ झाली, ती मात्र वृत्तपत्रांनी बरीच फुगवलेली होती.