सशस्त्र संघर्षांची मोजदाद

जगात एखाद्या वर्षी किती लढाया चालू होत्या, त्या कोणाकोणात होत्या आणि त्यांत किती माणसे मेली, याची ठरलेल्या व्याख्यांनुसार केलेली नोंद. शांतता व संघर्ष अभ्यास या विद्याशाखेचे बरेचसे संशोधन या नोंदींवर उभे आहे. ‘जगात आज इतके संघर्ष चालू आहेत’ असे वाक्य वर्तमानपत्रात येते, तेव्हा त्यातला आकडा बहुधा स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शांतता व संघर्ष संशोधन विभागाकडून आलेला असतो. या विभागाने २०२४ साली ६१ संघर्ष नोंदवले. त्यांत किमान एका बाजूला सरकार होते. १९४६ पासून तोवरच्या कोणत्याही वर्षी इतके संघर्ष नोंदले गेले नव्हते. पण संघर्ष म्हणायचे कशाला, हे आधी ठरवल्याशिवाय असा आकडा निघत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

या कामाची सुरुवात करणाऱ्यांत एक हवामानशास्त्रज्ञ होता. लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) हा इंग्लंडमधला क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे त्याने शस्त्र हाती घेतले नाही. पहिल्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्याबरोबर जखमींची रुग्णवाहिका चालवत होता. हवामानाचा अंदाज गणिताने कसा काढता येईल याची आकडेमोडही त्याने त्याच काळात केली. १९२० साली हवामान खाते हवाई मंत्रालयाच्या ताब्यात गेले, तेव्हा त्याने नोकरी सोडली. पुढे त्याने १८२० नंतरची ‘प्राणघातक भांडणे’ गोळा केली आणि भूकंपासारखी त्यांची प्रतवारी लावली. एका माणसाचा खून शून्य प्रतीचा, दहा मृत्यू म्हणजे एक, शंभर म्हणजे दोन, असे चढत महायुद्धे सातव्या प्रतीपर्यंत पोहोचतात. खून आणि महायुद्ध एकाच मोजपट्टीवर ठेवण्याचा हा निर्णय नुसत्या गणिताच्या सोयीचा नव्हता. मेलेला प्रत्येक माणूस या पट्टीवर कुठेतरी बसलाच पाहिजे, हा आग्रह त्यामागे दिसतो. युद्धे ठरावीक अंतराने येत नाहीत, ती जवळपास योगायोगाच्या नियमाने सुरू होतात, हा त्याचा निष्कर्ष आजही तपासला जातो. त्याचे हे लेखन पुस्तकरूपाने आले १९६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी १८१६ पासूनच्या युद्धांची यादी करण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. तिथे युद्ध ठरण्यासाठी लढाईत किमान १,००० सैनिकांचा मृत्यू ही अट होती. गोळीबारात सापडलेले नागरिक त्यात धरले जात नाहीत. ही अट किती नाजूक आहे, ते आपल्या ओळखीच्या एका उदाहरणावरून कळते. १९९९ च्या कारगिलच्या लढाईत भारताचे ५२७ जवान शहीद झाले, असे भारत सरकारचा आकडा सांगतो. पाकिस्तानी लष्कराने २०१० मध्ये जाहीर केलेल्या यादीत त्यांच्या ४५३ मृतांची नावे होती. दोन्ही सरकारी आकड्यांची बेरीज ९८० होते, म्हणजे १,००० ला वीस कमी. अभ्यासकांनी सरकारी आकड्यांवर विसंबून न राहता स्वतंत्र अंदाज वापरले, म्हणून कारगिल या यादीत युद्ध म्हणून आले. यावर एका सिद्धांताचेही भवितव्य टांगलेले होते. दोन लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत, असे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अनेक अभ्यासक मानतात. त्या उन्हाळ्यात दिल्ली आणि इस्लामाबाद या दोन्ही ठिकाणी निवडून आलेली सरकारे होती. त्यामुळे या सिद्धांतावरच्या चर्चेत कारगिलचे नाव हमखास निघते.

उप्सालाने अट बरीच खाली आणली. त्यांच्या व्याख्येत सत्ता किंवा भूभाग यावरून वाद हवा, शस्त्रांचा वापर हवा, आणि एका कॅलेंडर वर्षात लढाईतले किमान २५ मृत्यू हवेत. ओस्लोच्या शांतता संशोधन संस्थेबरोबर मिळून १९४६ पासूनची यादी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून या क्षेत्रात तीच सर्वांत जास्त वापरली जाते. हिंसेचे तीन कप्पे केलेले आहेत: सरकार ज्यात एक पक्ष आहे असा संघर्ष, दोन बिगरसरकारी गटांमधला संघर्ष, आणि निःशस्त्र नागरिकांवरची एकतर्फी हिंसा. १९९४ चा रवांडातला नरसंहार मुख्यतः तिसऱ्या कप्प्यात मोडतो. नुसती संघर्षांची यादी पाहणाऱ्याला त्या वर्षाची भीषणता दिसत नाही, ती एकूण मृत्यूंच्या आकड्यात दिसते.

प्रत्यक्ष नोंद कशी होते, हे गडचिरोलीच्या एका घटनेवरून पाहू. भारत सरकार आणि भाकप (माओवादी) यांच्यातला संघर्ष उप्सालाच्या यादीत आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांना नेणाऱ्या खासगी गाडीचा चालक मरण पावले. असे काही घडले की नोंदकर्ता बातम्या आणि अहवाल वाचून एक ओळ भरतो. त्या ओळीत तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, दोन्ही बाजू, प्रत्येक बाजूचे मृत आणि मृत नागरिक असतात. मृत्यूंचे तीन आकडे लिहावे लागतात: कमीत कमी, सर्वांत विश्वासार्ह आणि जास्तीत जास्त. ती गाडी चालवणारा माणूस मिशिगनच्या पद्धतीत मोजलाच गेला नसता. उप्सालाच्या पद्धतीत तो येतो. पण त्याच्या काही तास आधी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली, त्यात कोणी मेले नाही, म्हणून ती घटना इथेही बसत नाही. क्लिओना रॅली यांनी उभारलेला ‘ॲक्लेड’ हा वेगळा संग्रह मृत्यू नसलेल्या घटनाही टिपतो. जाळपोळ, मोर्चा यांतून गावातले रोजचे जगणे कसे आकसते, हे समजून घ्यायचे तर त्याकडे वळावे लागते.

कॅलेंडर वर्षाची अटही अशीच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वीस माणसे आणि पुढच्या जानेवारीत वीस माणसे मेली, तर चाळीस मृत्यूंनंतरही दोन्ही वर्षे यादीबाहेर राहू शकतात. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मान्य. पण बातमी छापताना ती रेघ कुठे आहे हे सहसा कोणी सांगत नाही, आणि ही गोष्ट मला गंभीर वाटते.

उपासमार, कॉलरा, बंद पडलेले दवाखाने यांमुळे झालेले मृत्यू या मोजणीत येत नाहीत. काँगोमध्ये १९९८ ते २००७ या काळात युद्धामुळे ५४ लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या मदतसंस्थेने घरोघरच्या पाहणीवरून मांडला होता. युद्ध नसते तर किती माणसे मेली असती, हा मूळ दरच चुकीचा धरला आहे, असा आक्षेप त्यावर आला. वाद मिटलेला नाही. तरी आक्षेप घेणाऱ्यांनीही युद्धात रोगाने मरणारे फार असतात हे नाकारलेले नाही.

बोस्नियात उलट घडले. १९९२–९५ च्या युद्धात दोन लाखांहून जास्त माणसे मेली, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. सारायेव्होच्या संशोधन व दस्तऐवज केंद्रात मिर्साद टोकाचा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका मृताचे नाव, वय, गाव आणि मृत्यूची हकीकत जमवली. २००७ मध्ये त्यांची यादी ९७,२०७ नावांवर आली. आकडा निम्म्यावर आला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. आपले दुःख कोणीतरी कमी करून दाखवते आहे, असे अनेकांना वाटले. वास्तविक त्या यादीमुळे पहिल्यांदाच मृतांना नाव मिळाले. दोन लाख या गोल आकड्यात त्यांतले कोणीच दिसत नव्हते.

जिथे सगळी नावे मिळत नाहीत, तिथे वेगळी युक्ती लागते. तळ्यातले शंभर मासे पकडून खूण करून परत सोडले आणि नंतर पकडलेल्या शंभरांत वीस खुणेचे निघाले, तर तळ्यात साधारण पाचशे मासे असावेत असा हिशेब करता येतो. मृतांच्या निरनिराळ्या याद्यांत किती नावे सारखी आहेत हे पाहून, कोणत्याच यादीत न आलेल्यांचा अंदाज असाच काढतात. पेरूमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये ही पद्धत वापरली. आयोगाकडे नोंदलेले मृत व बेपत्ता २४,००० च्या आत होते, अंदाज निघाला ६९,२८०. नोंदलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी आदिवासी भाषा होती. आंदीज पर्वतातल्या खेड्यांत माणसे मरत होती आणि राजधानी लिमाला त्यातले फारसे कळतच नव्हते. सिल्व्हिओ रेंदोन या अर्थतज्ज्ञाने २०१९ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासून ४८,००० चा अंदाज दिला. मूळ अंदाज काढणाऱ्यांनी त्याला उत्तर दिले. चर्चा चालू आहे.

युद्धे कमी होत आहेत का, हा अलीकडच्या संशोधनातला सर्वांत तापलेला प्रश्न. १९४५ नंतर महासत्तांमध्ये थेट युद्ध झाले नाही, म्हणून माणूस सुधारत आहे, असे मानणारा एक पक्ष आहे. ॲरन क्लॉसेट यांनी २०१८ मध्ये रिचर्डसनच्याच धर्तीवर हिशेब मांडला आणि दाखवले की इतकी शांतता निव्वळ योगायोगानेही टिकू शकते. तिला खरा बदल म्हणायचे तर ती आणखी १०० ते १४० वर्षे टिकावी लागेल. पाठोपाठ २०२२ साल उजाडले. युक्रेन आणि इथिओपियातल्या टिग्रे प्रांताच्या युद्धांमुळे संघटित हिंसेतले मृत्यू उप्सालाच्या पहिल्या नोंदीनुसार सुमारे २,३७,००० झाले, १९९४ नंतरचे सर्वाधिक.

आता या नोंदींवरून पुढचे भाकीत करण्याचेही प्रयत्न होत आहेत. हॉवर्ड हेग्रे यांच्या नेतृत्वाखाली उप्साला आणि ओस्लो इथे चालणारा प्रकल्प अर्ध्या अंशाचे, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ५५ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून, पुढच्या ३६ महिन्यांचा अंदाज दरमहा देतो. या चौकोनांत भरलेले मागचे आकडे मुख्यतः बातम्या आणि अहवालांतून आलेले असतात. टिग्रेमध्ये नोव्हेंबर २०२० पासून फोन आणि इंटरनेट दीर्घकाळ बंद होते आणि पत्रकारांना आत जाऊ दिले जात नव्हते. तिथल्या मृतांपैकी कितीतरी जणांची नोंद गोळीबार थांबल्यानंतर, उशिरा झाली.