कांद्याच्या पापुद्र्यातली ती रेघ भित्तिकेची, पटलाची नव्हे

"वनस्पतीपेशीला भित्तिका असते, प्राणीपेशीला पटल असतं." 'फरक स्पष्ट करा'खाली हे वाक्य इतकं घोटलं गेलंय, की ते चूक आहे हेच कुणाला खटकत नाही. पेशीपटल (प्रद्रव्यपटल म्हणा हवं तर) प्रत्येक जिवंत पेशीला असतं. वनस्पतीत त्याच्या बाहेरून भित्तिका असते, म्हणजे तिथे दोन्ही आहेत. दोन रकाने आखले की एकीकडे हे, दुसरीकडे ते, असं वाटायला लागतं. म्हणून हा फरक तक्त्यात शिकवूच नये.

भित्तिका सेल्युलोजची (बुरशीत कायटिनची) आणि ताठ, पटल मेद-प्रथिनांचं आणि लवचीक, एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो आकृतीत. कांद्याच्या पापुद्र्यात विटांच्या बांधकामासारख्या रेघा दिसतात आणि त्यांना बाण काढून 'पेशीपटल' लिहिलं जातं. पटलाची जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि पटल तर भित्तिकेला आतून घट्ट टेकलेलं असतं. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात पाहिले तेही मेलेल्या पेशींच्या भित्तिकांचे रिकामे कप्पेच.

दोन्ही वेगवेगळी आहेत हे पाहायचं तर पटल भित्तिकेपासून सोडवावं लागतं. लाल कांदा घ्या. मांसल पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा चिमट्याने सोला. अर्ध्या सेंटीमीटरचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून काचपट्टी बनवा आणि आधी तसाच पाहून घ्या. मग 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब आच्छादक काचेच्या एका कडेला सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून आतलं पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटून आत आकसतो. विटांची चौकट मात्र जागची हलत नाही. हाच रससंकोच. जांभळा रंग रिक्तिकेत (पेशीच्या आतल्या, रसाने भरलेल्या पिशवीत) असतो, त्यामुळे रंगाची कड काटेकोरपणे रिक्तिकेची. पेशीपटल तिच्या किंचित बाहेर. आता साधं पाणी सोडलं की रंग पुन्हा भिंतीपर्यंत पसरतो.

प्रयोग फसतो तो बहुधा पेशी रंगवायला घातलेल्या आयोडीनमुळे. आयोडीनने पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीचं पटल काहीच अडवत नाही, मग आकसणार काय? मीठ फार कडक झालं तरी पेशी मरतात आणि रंग परतत नाही.

आत काय जाऊ द्यायचं हे पटल ठरवतं, भित्तिका नव्हे. मीठ भित्तिकेतून सहज पार होतं आणि पटलापाशी अडतं, आतलं पाणी मात्र पटलातून बाहेर ओढलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते यामुळेच. बीट उकडलं की पातेल्यातलं पाणी लालभडक होतं, कारण उष्णतेने पटलं फाटतात. फोडी आकार धरून असतात त्या भित्तिकांच्या जोरावर.

आणि आकसलेला भाग व भित्तिका यांच्यामधल्या फटीला 'हवा' किंवा 'पोकळी' असं नाव देऊ नका. तिथे बाहेरून शिरलेलं मिठाचं पाणी असतं.